जुन्या घरातील खोल्यांची दुरुस्ती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा परिसरातील जुने घर म्हणजे काळ्या दगडाचे जोते, दगड-मातीच्या किंवा विटांच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि वर उतरते कौलारू छप्पर. पुढे ओटी किंवा पडवी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसू. या भागात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुन्या बांधकामात पावसाळ्यात भिंत ओल शोषून घेते आणि उघडीप मिळाली की हवेत सोडून देते. माती, चुना आणि लाकूड या तिन्ही पदार्थांमुळे ही देवाणघेवाण शक्य होते.

अशा घराची डागडुजी घरच्यांनीच करणे कोकणात नवे नाही. सारवण, पावसाआधीची शाकारणी, सणाआधीची चुन्याची सफेदी ही कामे घरोघर होत आली. नवी आहे ती बाजारातली सामग्री. ती जुन्या भिंतीवर कशी वागते हे ठाऊक नसल्यामुळे श्रम आणि पैसा वाया जातो, कधी घरालाच अपाय होतो. खोल्या दुरुस्त करताना नेहमी आढळणारे गैरसमज पुढे क्रमाने दिले आहेत.

गैरसमज १ : ओल आलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ओल थांबते.

वस्तुस्थिती : जमिनीतील पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढते आणि बहुधा मीटरभर उंचीपर्यंत दिसते. सिमेंटचा दाट थर हे पाणी अडवत नाही. त्याचा बाहेर पडण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. मग ओल गिलाव्याच्या वरच्या कडेपर्यंत चढते किंवा भिंतीच्या दुसऱ्या अंगाने खोलीत उतरते. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिक होऊन फुगतात. लोणा लागणे ते हेच. त्या दाबाने गिलाव्याचे पापुद्रे निघतात. पेणच्या खारेपाटात जमीन आणि भूजल दोन्ही खारट असल्यामुळे हा त्रास अधिक. मातीच्या भिंतीवर तर सिमेंट टिकतच नाही. ओल-सुकीबरोबर माती फुगते व आकसते, कडक सिमेंट तडकते आणि आतली माती भुसभुशीत होत जाते.

उपाय पाण्याच्या उगमापाशी करावा लागतो. छपराची पन्हळ नीट करून पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर न्यावे, घराभोवतीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा, जोत्याला टेकलेली माती आणि ढिगारे हलवावेत. खराब गिलावा ओलीच्या खुणेच्या वरपर्यंत काढून भिंत एक पूर्ण कोरडा हंगाम उघडी ठेवावी. दोन फूट जाडीची भिंत वाळायला महिने लागतात. त्यानंतर दगड-विटांच्या भिंतीला चुन्याचा आणि मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा द्यावा. भाताचे तूस किंवा बारीक कापलेला पेंढा आणि शेण घालून काही दिवस कुजवलेला गारा मातीच्या भिंतीशी उत्तम जुळतो.

गैरसमज २ : चुना ही सिमेंट नव्हते तेव्हाची सोय, आता तो कमकुवत ठरतो.

वस्तुस्थिती : पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये घेतले. भारतात पोरबंदरला त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले ते १९१४ मध्ये. त्याआधीची दगडी बांधकामे चुन्यावर उभी राहिली आणि त्यांतली पुष्कळशी आजही वापरात आहेत. कोकण किनाऱ्यावर समुद्रातील शिंपले भाजूनही चुना केला जाई. चुना सिमेंटपेक्षा मऊ असतो, आणि जुन्या भिंतीला हाच मऊपणा उपयोगी पडतो. भिंत किंचित हलली तर तो तिच्याबरोबर हलतो. त्याच्या छिद्रांतून वाफ बाहेर पडते. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. त्यामुळे त्याला घट्ट व्हायला वेळ लागतो आणि ही घाई न करणे हेच चुन्याच्या कामाचे मर्म आहे.

एक भाग भिजवलेला चुना आणि तीन भाग चाळलेली स्वच्छ वाळू हे गिलाव्याचे नेहमीचे प्रमाण. खाडीची खारट वाळू वापरू नये. दमट जागी वाळूचा काही भाग कमी करून सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळल्यास मिश्रण अधिक चांगले धरते. गिलावा पातळ थरांत द्यावा, दोन थरांमध्ये काही दिवस जाऊ द्यावेत आणि कडक उन्हापासून ओल्या गोणपाटाने झाकावा. कळीचा चुना भिजवताना पाणी उकळण्याइतकी उष्णता निर्माण होते आणि भिजलेला चुनाही त्वचा व डोळे भाजतो. घरच्यांनी तयार भिजवलेला चुना घ्यावा आणि हातमोजे व चष्मा घातल्याशिवाय कामाला लागू नये.

गैरसमज ३ : खड्डे आणि भेगा प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या की भिंत पक्की होते.

वस्तुस्थिती : गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे पेणमध्ये हा पदार्थ सर्वांच्या ओळखीचा आहे. जिप्सम साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजून तो तयार होतो आणि पाणी मिसळताच पुन्हा जिप्सम बनून घट्ट होतो. जिप्सम पाण्यात थोडे का होईना विरघळते. त्यामुळे सतत ओल असलेल्या भिंतीत ते मऊ पडते, फुगते आणि रंगासह गळते. कोरड्या आतल्या भिंतीवर किंवा छताच्या नक्षीला ते चालते. बाहेरच्या भिंती, न्हाणीघर आणि जोत्यालगतचा भाग त्याला मानवत नाही. कौलांखाली त्याचे बंदिस्त छत बसवल्यास गळती झाकली जाते आणि वाशांभोवतीची हवा कोंडते. गळती उघडकीला येईपर्यंत वासे कुजलेले असू शकतात. छत हवेच असेल, तर हवा खेळण्यासाठी फटी आणि वर चढून पाहता येईल अशी झडप ठेवावी.

गैरसमज ४ : मातीच्या जमिनीवर चकचकीत फरशी बसवली की खोली कोरडी होते.

वस्तुस्थिती : सारवलेली जमीन किंवा उघड्या सांध्यांची शहाबादी फरशी खालची ओल सर्व पृष्ठभागातून थोडी थोडी सोडते. विट्रिफाइड फरशी जवळजवळ पाणी शोषत नाही. ती भिंतीपर्यंत भिडवली की खोलीभरची ओल कडेला सरकते आणि भिंतीत चढू लागते. नवी फरशी घालायची असेल, तर आधी जुनी भुसभुशीत माती काढून खडी धुमसून भरावी. मोठ्या खडीच्या थरात केशाकर्षण खंडित होते. फरशीची नवी पातळी उंबरठ्याशी आणि दरवाजांशी जुळते का, हेही आधीच मोजावे. पातळी चढली की दरवाजे खालून कापावे लागतात आणि पावसाळ्यात ते पुन्हा अडतात.

गैरसमज ५ : लाकडातून भुसा पडतो आहे, म्हणजे वाळवी लागली.

वस्तुस्थिती : बारीक गोल छिद्रे आणि त्यांखाली पडलेली पिठासारखी पूड हे लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे लक्षण आहे. जमिनीतून येणारी वाळवी भुसा पाडत नाही. ती मातीचे बोगदे करत भिंतीवरून चढते आणि लाकूड आतून पोकळ करते, वरचा पापुद्रा मात्र शाबूत राहतो. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ आपटून पोकळ आवाज ऐकावा आणि टोक खुपसून पाहावे. भिंतीत शिरलेली तुळईची टोके आणि खांबांचे बूड आधी तपासावे, कारण ओल तिथेच साठते.

सागालाही वाळवी लागते. सागाचा आतला गडद गाभा तिला दाद देत नाही, पण बाहेरचा फिकट भाग ती खाते. वरून ऑइलपेंट किंवा जळके तेल फासल्याने जमिनीतला वाळवीचा मार्ग बंद होत नाही. उभ्या घरांच्या वाळवी-प्रतिबंधासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून कीटकनाशक सोडणे ही त्यातली मुख्य पद्धत. विहीर जवळ असेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

गैरसमज ६ : मधली पातळ भिंत काढून खोली मोठी करता येते, गळके छप्पर काढून स्लॅब टाकला की कटकट संपते.

वस्तुस्थिती : भार कोण पेलते हे भिंतीच्या जाडीवरून ठरत नाही. काही घरांत छप्पर खांबांवर असते आणि भिंती केवळ आडोसा देतात; काहींत तुळया थेट भिंतीवर टेकतात. माळ्यावर चढून प्रत्येक तुळईचे टोक कुठे बसले आहे हे पाहिल्याशिवाय एक दगडही काढू नये. भार पेलणाऱ्या भिंतीत मोठी मोकळीक करण्याआधी अभियंत्याची तपासणी लागते.

स्लॅबचा हिशेब सरळ आहे. मंगलोरी कौल दोन ते तीन किलोंचे असते आणि चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, म्हणजे भार ३० ते ४५ किलो. पाच इंच जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे वजन चौरस मीटरला ३०० किलोंहून अधिक भरते. मातीच्या सांध्यांच्या भिंतींवर आणि जुन्या पायावर हा बोजा टाकणे धोक्याचे आहे. कौलारू छपराची गळती बहुतेकदा फुटकी कौले, कुजलेल्या रिपा आणि आढ्याच्या कोन्यांपाशी असते, आणि या तिन्ही गोष्टी बदलता येतात. कौलांऐवजी पत्रे घालतानाही सावधगिरी हवी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यात हजारो घरांची कौले आणि पत्रे उडाले. हलक्या पत्र्याखाली वारा शिरला की तो वर उचलला जातो, म्हणून पत्रा वाशाला, वासा तुळईला आणि तुळई भिंतीला घट्ट बांधलेली हवी.

गैरसमज ७ : जुना रंग घासून काढणे आणि जुने सिमेंटचे पत्रे कापणे ही निरुपद्रवी कामे आहेत.

वस्तुस्थिती : घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे बरेच असू शकते. कोरड्या घासण्याने उडणारी धूळ विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला हानी करते. असा रंग पाणी मारत ओल्या पॉलिशपेपरने काढावा, मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना खोलीपासून दूर ठेवावे आणि धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. नागमोडी सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याचे तंतू फुप्फुसाचा कर्करोग घडवतात. असा पत्रा ग्राइंडरने कापू नये की आपटून फोडू नये. ओला करून अखंड उतरवावा.

गैरसमज ८ : थोडीफार वायरिंग घरच्या घरी करायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण तसेच्या तसे बदलण्याची मुभा आहे. नवी वायर ओढणे किंवा मूळ जोडणीत बदल करणे हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचेच काम असल्याचे वीज सुरक्षेचे नियम सांगतात. जुन्या घरांतील लाकडी पट्टीखालच्या वायरीचे रबर कडक होऊन झडते आणि ओल्या भिंतीत वीज उतरते. म्हणून गिलाव्याआधीच सर्व वायरी बदलून घ्याव्यात, अर्थिंग तपासावे आणि वीज उतरताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा.

गैरसमज ९ : स्वतःच्या घरात काहीही बदलायला कुणाला विचारावे लागत नाही.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार केवळ अंतर्भागापुरत्या किंवा बाह्य स्वरूप फारसे न बदलणाऱ्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही. मजला चढवणे, क्षेत्र वाढवणे किंवा पडवी बंदिस्त करून खोली काढणे या सवलतीत बसत नाही. अशा कामाआधी पेण नगरपरिषद, रोहा अष्टमी नगरपरिषद किंवा गावच्या ग्रामपंचायतीत चौकशी करावी. घर सामायिक असेल तर हिस्सेदारांची लेखी संमती घेतलेली बरी.

गैरसमज १० : गणपतीआधी सगळे काम उरकून घ्यावे.

वस्तुस्थिती : गणेशोत्सव भाद्रपदात येतो, आणि त्या सुमारास भिंती वर्षातल्या सर्वाधिक ओल्या असतात. तेव्हा दिलेला गिलावा आणि प्लास्टिक पेंट आत ओल कोंडून ठेवतो आणि दिवाळीपर्यंत फुगे धरतो. सणापुरती डिंक आणि थोडी नीळ घातलेली चुन्याची सफेदी पुरेशी असते. खरे काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याआधी संपवावे. त्याचा क्रम ठरलेला आहे : आधी छप्पर आणि पाण्याचा निचरा, मग लाकूडकाम, मग वायरिंग आणि नळ, त्यानंतर जमीन, गिलावा आणि सर्वांत शेवटी रंग. यांपैकी निचरा, गिलाव्याची डागडुजी, सफेदी आणि लाकडाला तेलपाणी ही कामे घरच्यांना शिकून करता येतात. भार पेलणारे भाग आणि वीज जाणकारांवर सोपवावी.