उतारवयातील शेतकऱ्याची सायकल : आरामाची आणि वेगाचीही

साठी उलटली की घरची मंडळी सायकल सोडा म्हणून मागे लागतात. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. या वयात पडून खुब्याचे हाड मोडले तर माणूस कित्येक महिने अंथरुणाला खिळतो. पण सायकल सुटली की मळ्यावरची फेरी, बाजार, रविवारची मिस्सा, सगळ्यासाठी दुसऱ्याच्या मोटारसायकलची वाट पाहावी लागते. म्हणून आम्ही म्हणतो, सायकल सोडण्याआधी ती वयाला साजेशी करून घ्यावी किंवा बदलावी.

आरामाची सायकल संथ असते, ही समजूत बरोबर नाही. शर्यतीची सायकल वाकून चालवतात, कारण ताशी वीस किलोमीटरच्या पुढे वाऱ्याचा अडथळा फार वाढतो. आपला वेग दहा ते पंधरा. तेवढ्यात ताठ बसल्याने फारसे नुकसान होत नाही आणि मान, कंबर वाचते. अंग दुखले नाही तरच माणूस न थांबता लांबवर जातो. नवी सायकल घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

दांडा : चढता-उतरताना तोल जाण्याचा धोका मोठा. उंच दांड्यावरून पाय टाकताना धोतर अडकते आणि कॅरियरवर बोजा असला तर पाय मागून फिरवताच येत नाही. म्हणून खाली वाकलेल्या दांड्याची सायकल उत्तम. तिला ‘लेडीज सायकल’ म्हणतात म्हणून पुष्कळ पुरुष लाजतात. लाजू नये, खुब्याचे हाड बाई-पुरुष पाहून मोडत नाही.

सीट व हँडल : सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली असताना गुडघा सरळ झाला, तर उंची बरोबर. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघे लवकर दुखू लागतात. बरोबर उंचीवर पायाची बोटे जेमतेम जमिनीला टेकतात. म्हणून थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकण्याची सवय करावी. सीट रुंद व स्प्रिंगची असावी, पण अगदी मऊ स्पंजाची नको. त्यात अंग रुतते आणि मांडीला मुंग्या येतात. हँडल सीटच्या बरोबरीने किंवा दोन बोटे वर असावे.

टायर : जाड कंगोऱ्यांचे टायर दिसायला भक्कम, पण डांबरी रस्त्यावर ते ताकद खातात. मध्यम रुंदीचे, कमी कंगोऱ्यांचे टायर घ्यावेत. हवा किती भरावी हे टायरच्या कडेवर छापलेले असते. आठवड्यातून एकदा हवा पाहावी. कमी हवेची सायकल जड चालते. पुढच्या चाकाला स्प्रिंगा असलेल्या स्वस्त सायकलींचे वजन वाढते, फायदा थोडा.

दाते : अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 साली बंद पडला, तरी त्या धर्तीच्या काळ्या सायकली पुष्कळ घरांत आहेत. त्यात पुढे 48 व मागे 18 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात 28 इंची चाक सुमारे 6 मीटर जाते. मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर ते सुमारे 4.9 मीटर जाईल. पाय थोडे अधिक वेळा फिरतील, पण चढावर गुडघ्यावरचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होईल. चेन मात्र थोडी वाढवावी लागेल. गिअरची सायकल घेतल्यास मागचे सहा-सात गिअर पुरेत.

ब्रेक : जुन्या सळईच्या ब्रेकची पकड पावसात लोखंडी रिमवर कमी होते. बोटांतला जोर कमी झाला असेल तर तारेचे, हलके दाबले जाणारे ब्रेक घ्यावेत.

बोजा : दुधाची एक मोठी किटली एका बाजूला टांगण्यापेक्षा दोन लहान किटल्या दोन्ही बाजूंना, शक्य तितक्या खाली टांगाव्यात.

ज्यांना चक्कर येते, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, हृदयविकार आहे किंवा मधुमेहाने तळवे बधिर झाले आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चालवताना सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. बोलताना दम लागला तर हळू करावे. छातीत दुखले तर तेथेच उतरावे, मदतीला हाक मारावी आणि उशीर न करता दवाखाना गाठावा.

दुकानात रंग पाहून सायकल पसंत करू नये. रोजचे कपडे व चपला घालून जावे, पाच वेळा चढावे-उतरावे, किलोमीटरभर चालवून पाहावी. दुकानदार नको म्हणाला तर दुसरे दुकान पाहावे. मुलांनीही वडिलांसाठी सायकल परस्पर आणू नये. त्यांना बरोबर न्यावे.