बुलस पेम्फिगॉइड व इसब : जनुकीय संबंधाचे स्वरूप

प्रस्तावना :
सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीच्या अंगाला सतत कंड सुटू लागला व लालसर चट्टे उठले की बहुधा इसबाचेच निदान होते. काही रुग्णांत मात्र काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ताठर, पाण्याने भरलेले फोड येतात आणि मूळ विकार बुलस पेम्फिगॉइड असल्याचे निष्पन्न होते. वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ मध्ये हा विकार पेम्फिगसपासून वेगळा केला. इसबाशी असलेले त्याचे साम्य केवळ बाह्य आहे की जनुकीय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

दोन विकार, दोन मुळे :
पेम्फिगॉइड हा स्वयंप्रतिकार विकार आहे. बाह्यत्वचेला अंतस्त्वचेशी जखडून ठेवणाऱ्या कोलॅजेन-१७ व बीपी-२३० या प्रथिनांविरुद्ध शरीरच प्रतिपिंडे निर्माण करते. जोड सुटतो व त्या पोकळीत द्रव साचतो. इसबाची सुरुवात बहुधा बालपणी होते. फिलॅग्रिन या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे त्याचा धोका वाढतो, हे २००६ मध्ये डंडी विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखविले. फिलॅग्रिन अपुरे पडल्यास त्वचा कोरडी होते व बाह्य पदार्थ आत शिरतात. इसबात भिंतीचा गिलावा ढासळतो, पेम्फिगॉइडमध्ये भिंतच जोत्यापासून सुटते, असे म्हणता येईल.

जनुकीय दुवा :
पेम्फिगॉइडचा सर्वांत परिचित जनुकीय संबंध सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांशी आहे. प्रथिनांचे कोणते तुकडे प्रतिकारपेशींसमोर मांडायचे, हे ही जनुके ठरवितात. इसबाच्या जनुकीय अभ्यासांतही हाच प्रदेश पुढे येतो. तथापि येथे घाई करू नये. या प्रदेशात जनुकांची दाटी मोठी आहे व शेजारचे भेद पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच संक्रमित होतात. एकाच वाड्यात राहणारी बिऱ्हाडे एका कुटुंबातली असतीलच असे नाही. शिवाय पेम्फिगॉइडचे रुग्ण संख्येने थोडे असल्याने सांख्यिकीय अनुमाने सैल राहतात. मधुमेहावरील ग्लिप्टिन गटातील औषधांनीही हा विकार काहींमध्ये उद्भवतो. तेव्हा सारा भार जनुकांवर टाकणे योग्य नव्हे.

अधिक भक्कम साम्य आहे ते पुढच्या टप्प्यावर. दोन्ही विकारांत इंटरल्यूकिन-४ व इंटरल्यूकिन-१३ यांचा प्रभाव आढळतो, इओसिनोफिल पेशी व आयजीई प्रतिपिंडे वाढलेली असू शकतात. या दोन्ही इंटरल्यूकिनांचा संदेश रोखणारे डुपिलुमॅब हे औषध अमेरिकेत प्रौढांच्या इसबासाठी २०१७ मध्ये व पेम्फिगॉइडसाठी २०२५ मध्ये मान्य झाले. अर्थात एका औषधाचा दोहोंत उपयोग झाला, यावरून वाट समान ठरते. जनुक समान ठरत नाही.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. मलमांना न जुमानणारी वृद्धांची खाज इसब म्हणून सोडून दिल्यास निदान लांबते. फोडालगतच्या त्वचेचा तुकडा प्रत्यक्ष इम्युनोफ्लुरोसन्स पद्धतीने तपासल्यास पेम्फिगॉइडमध्ये आधारपटलावर आयजीजी किंवा सी-३ यांची सलग रेषा उजळते. इसबात ती दिसत नाही. फोड आलेले नसतानाही ही तपासणी करता येते.