फाइल चालते, पण टाइमलाइनवर येत नाही

व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने एखादी फाइल नाकारली की तिच्या बाजूने दोन पुरावे हमखास पुढे केले जातात: ती एमपी४ आहे आणि ती व्हीएलसी या प्लेअरमध्ये चालते. नोएडाच्या सेक्टर १६-ए मधल्या फिल्म सिटीत आज तक आणि झी न्यूजसारख्या वाहिन्यांच्या न्यूजरूम आहेत, एशियन ॲकॅडमी ऑफ फिल्म अँड टेलिव्हिजनचे वर्गही आहेत. तिथे हे वाक्य ‘व्हीएलसी में तो चल रही है’ असे ऐकू येते. पुण्या-कोल्हापुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांकडे तेच मराठीत. प्रीमिअर प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ॲडोबीचे मोठे केंद्र नोएडातच आहे, पण त्या शेजाराचा या समजुतीवर काही परिणाम झालेला दिसत नाही. दोन्ही पुरावे बहुधा खरे असतात. इम्पोर्टच्या प्रश्नाशी मात्र त्यांचा फारसा संबंध नसतो.

एमपी४ हे कंटेनरचे नाव आहे. ॲपलने १९९१ साली आणलेल्या क्विकटाइमच्या रचनेवरून तो घडवला गेला आणि एमपेग-४ या मानकाचा १४वा भाग म्हणून रूढ झाला. त्याच्या आत चित्र, आवाज, उपशीर्षके आणि कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याची सूची ठेवलेली असते. चित्र कोणत्या पद्धतीने दाबून बसवले आहे, हे मात्र कोडेक ठरवतो. एकाच .एमपी४ या नावाखाली २००३ साली आलेला एच.२६४ असू शकतो, २०१३ सालचा एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ असू शकतो, २०१८ सालचा एव्ही१ असू शकतो, नाहीतर डिव्हएक्सच्या जमान्यातला जुना एमपेग-४ही असू शकतो. सॉफ्टवेअरला कंटेनर उघडता आला आणि आतला कोडेक उलगडता आला नाही, तर चित्राच्या जागी नुसता आवाज येतो, किंवा प्रीमिअर ‘द इम्पोर्टर रिपोर्टेड अ जेनेरिक एरर’ असे म्हणून मोकळे होते. हा संदेश निरुपयोगी आहे हे मान्य करायला हवे. गैरसमज पसरण्यात त्याचाही वाटा आहे.

याच गोंधळातून सर्वांत चिवट उपाय जन्माला येतो: एक्स्टेंशन बदला. फाइलच्या नावातले .एमकेव्ही खोडायचे, .एमपी४ लिहायचे आणि विंडोज जो इशारा देते तो न वाचता ‘येस’ दाबायचे. पेढ्यांच्या खोक्यावर बाकरवडी असे लिहिल्याने आतल्या पेढ्यांचे काही होत नाही, तसेच हे. एमकेव्ही हा वेगळा कंटेनर आहे आणि त्याच्या फाइलचे पहिले चार बाइट ठरलेले असतात. एमपी४मध्ये पाचव्या ते आठव्या बाइटच्या जागी ‘एफटीवायपी’ ही खूण असते. नाव बदलल्याने यातला एकही बाइट हलत नाही. तरीही हा उपाय मरत नाही, कारण तो अधूनमधून चालल्यासारखा वाटतो. बहुतेक प्लेअर नावाकडे दुर्लक्ष करून फाइलची सुरुवात वाचतात, त्यामुळे नाव बदललेली फाइलही निमूट वाजते. शिवाय .एमओव्ही आणि .एमपी४ हे एकाच घराण्यातले असल्याने त्यांची नावे बदलली तरी कित्येकदा खपून जाते. एखाद्याचे एकदा खपले की तो पुढच्या दहाजणांना हाच उपाय सांगतो आणि त्यातल्या नऊजणांची संध्याकाळ वाया जाते.

खरोखर कंटेनर बदलायचा असेल, तर त्याला रीमक्स किंवा रीरॅप म्हणतात. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या प्रोग्रॅममध्ये कोडेक ‘कॉपी’ ठेवून फाइल नव्याने लिहून घेतली, की आतले चित्र आणि आवाज जसेच्या तसे उचलून दुसऱ्या कंटेनरमध्ये बसतात. पुन्हा दाबण्याचे काम नसल्यामुळे तासाभराच्या फाइललाही थोडाच वेळ पुरतो आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. ज्यांना कमांड लिहिण्याचे वावडे आहे, त्यांच्यासाठी शटर एन्कोडर या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये रीरॅपची सोय आहे. स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या ओबीएसच्या फाइल मेन्यूतच ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ हा पर्याय बसलेला आहे. ओबीएसची फाइल पुष्कळदा एमकेव्हीत येते, त्यामागे कारण आहे: रेकॉर्डिंग मध्येच तुटले तरी एमकेव्हीतला तोवरचा भाग वाचतो.

आता व्हीएलसी. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून १९९६ साली त्याची सुरुवात झाली, आणि त्या प्रकल्पाचा हेतूच कॅम्पसच्या नेटवर्कवरून येणारा व्हिडिओ दाखवत राहणे हा होता. नेटवर्कवर तुकडे हरवतात, उशिरा येतात. दाखवणारा थांबता कामा नये. हा स्वभाव आजही कायम आहे. व्हीएलसी आपले डीकोडर स्वतःबरोबर आणतो, फाइलची सूची थोडीफार बिघडलेली असली तरी पुढे जातो, खराब फ्रेम गाळतो आणि आवाज मागे पडला की गुपचूप जुळवून घेतो. प्रेक्षकाला हेच हवे असते. एडिटिंग सॉफ्टवेअरला मात्र १२ मिनिटे ७ सेकंदांवरची नेमकी १९वी फ्रेम लागते, ती प्रत्येक वेळी तीच लागते आणि तिथून उलटेही चालता यावे लागते.

एच.२६४ आणि एचईव्हीसीमध्ये ही मागणी महाग पडते. त्यांत पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेम थोड्या असतात. मधल्या फ्रेममध्ये आधीच्या किंवा नंतरच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच नोंदलेले असते. दोन सेकंदांना एक पूर्ण फ्रेम असलेल्या, सेकंदाला ३० फ्रेमच्या क्लिपमध्ये ५९वी फ्रेम हवी असेल तर तिच्या अलीकडच्या बऱ्याच फ्रेम उलगडाव्या लागतात. प्लेअर सरळ पुढे जात असल्याने ते काम त्याचे आपोआप होऊन जाते. म्हणून ‘व्हीएलसीत चालते’ याचा अर्थ एवढाच की फाइलमध्ये पाहण्याजोगे काहीतरी शिल्लक आहे. ती एडिटिंगला योग्य आहे, तिची सूची शाबूत आहे, तिचा फ्रेम रेट स्थिर आहे, यातले काहीच त्यावरून सिद्ध होत नाही.

यातले बरेचसे तपासायला मीडियाइन्फो नावाचा छोटा विनामूल्य प्रोग्रॅम पुरतो. फाइल त्यात टाकली की कंटेनर, कोडेक, बिट डेप्थ, क्रोमा आणि फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता, हे सगळे एका पानावर दिसते. निम्मे वाद इथेच मिटायला हवेत. प्रत्यक्षात हा प्रोग्रॅम उघडण्याआधी सॉफ्टवेअर दोनदा अनइन्स्टॉल झालेले असते.

त्या पानावर एचईव्हीसी दिसले, तर कारण बहुधा आयफोन असतो. २०१७च्या आयओएस ११पासून आयफोन ७ आणि त्यापुढचे फोन व्हिडिओ आपणहून याच कोडेकमध्ये नोंदवतात. एचईव्हीसीवर अनेकांच्या पेटंटचे हक्क असल्यामुळे सॉफ्टवेअर कंपन्या तो सरसकट देत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये त्याचे एक्स्टेन्शन वेगळे विकत मिळते. त्याने विंडोजची स्वतःची ॲप्स सुधारतात, प्रीमिअरला त्याचा उपयोग नाही. प्रीमिअर आपला एचईव्हीसी कोडेक पहिल्यांदा लागेल तेव्हा उतरवून घेते आणि त्यासाठी इंटरनेट लागते. सुरक्षेसाठी एडिटिंगचे संगणक इंटरनेटपासून तोडलेले असतील, तर नेमके तिथेच घोडे अडते. ब्लॅकमॅजिक डिझाइन तर आपल्या दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरसाठी कोडेकची यादीच प्रसिद्ध करते. कोणता कोडेक कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेल आणि तो विनामूल्य आवृत्तीत आहे की पैसे मोजून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत, हे तीत वेगवेगळे दिलेले असते. ती यादी न वाचता ‘रिझॉल्व्ह बकवास आहे’ असे ठरवणारे पुष्कळ आहेत. पुढच्या शूटपुरता सोपा मार्ग फोनमध्येच आहे: सेटिंग्जमधल्या कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की फोन एच.२६४ देतो.

दुसरा मोठा भ्रम असा की फाइल टाइमलाइनवर आली म्हणजे इम्पोर्ट यशस्वी झाला. फोन, झूमची रेकॉर्डिंग्ज आणि बरीच स्क्रीन रेकॉर्डर ॲप्स बदलता फ्रेम रेट वापरतात. प्रकाश कमी झाला किंवा प्रोसेसरवर ताण आला की फ्रेम कमी पडतात आणि फाइल प्रत्येक फ्रेमची वेळ वेगळी लिहून ठेवते. जे सॉफ्टवेअर ही नोंद न वाचता स्थिर वेग धरून चालते, त्यात ओठ आणि शब्द हळूहळू दुरावतात. सरासरी २९.९ फ्रेमची क्लिप ३० मानली, तर दहा मिनिटांच्या मुलाखतीच्या शेवटी फरक दोन सेकंदांचा होतो. सुरुवातीची दहा सेकंदे पाहून ‘ओके’ म्हणणाऱ्याला तो दिसतच नाही. प्रीमिअर २०१८पासून बदलता फ्रेम रेट ओळखते, तरी लांब क्लिप आधी हँडब्रेक या प्रोग्रॅममधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ ठेवून काढून घेणे जास्त भरवशाचे. भारतातल्या टीव्ही प्रक्षेपणाचा वेग सेकंदाला २५ फ्रेम आणि फोनचा ३०. त्यामुळे जिल्ह्यातल्या वार्ताहराने फोनवर टिपलेल्या क्लिपला वाहिनीच्या टाइमलाइनवर एवीतेवी रूपांतर सोसावेच लागते. त्यात बदलत्या वेगाची भर नको.

कॅमेऱ्याच्या कार्डाबद्दलचा समज यापेक्षा जास्त नुकसान करतो. ‘व्हिडिओच्या फाइली तेवढ्या घ्या, बाकीचे फोल्डर कचरा आहेत’ हे वाक्य लग्नाच्या हॉलमध्ये, हार्ड डिस्क भरत आलेली असताना उच्चारले जाते. पॅनासॉनिकच्या पी२ कार्डावर चित्राची एमएक्सएफ फाइल ‘व्हिडिओ’ फोल्डरमध्ये असते आणि आवाजाच्या प्रत्येक चॅनेलची स्वतंत्र फाइल ‘ऑडिओ’ फोल्डरमध्ये. त्यांना जोडणारी माहिती तिसऱ्याच फोल्डरमध्ये असते. नुसता ‘व्हिडिओ’ उचलला तर मंगलाष्टके मुकी होतात आणि दोष सॉफ्टवेअरला जातो. एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांत लांब रेकॉर्डिंगचे आपोआप तुकडे पडतात, कारण फॅट३२ या फाइल सिस्टिममध्ये एक फाइल ४ जीबीपर्यंत पोहोचू शकत नाही. हे तुकडे सुटे ओढून टाकले तर सांध्यावर फ्रेम गळतात किंवा आवाजात टचका येतो. अख्खे कार्ड, फोल्डरची रचना न मोडता, जसेच्या तसे कॉपी करून प्रीमिअरच्या मीडिया ब्राउझरमधून उघडले की सॉफ्टवेअर ते तुकडे एकच क्लिप म्हणून घेते.

कधी फाइल खरोखरच तुटलेली असते. एमपी४ची सूची, म्हणजे ‘मूव्ह’ नावाचा भाग, कॅमेरे सहसा रेकॉर्डिंग संपताना लिहितात. त्याआधीच बॅटरी गेली किंवा कार्ड ओढून काढले, तर काही जीबींची फाइल उरते, पण ती कुठेच उघडत नाही. एफएफएमपेग अशा वेळी ‘मूव्ह ॲटम नॉट फाउंड’ असे स्पष्ट सांगते. त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने घेतलेली एखादी शाबूत फाइल हाताशी असेल, तर अनट्रंक हा प्रोग्रॅम तिच्या आधाराने सूची पुन्हा बांधू पाहतो आणि पुष्कळदा त्याला ते जमते. एक्स्टेंशन बदलून मात्र हेही होत नाही.

उरलेल्या समजुतींना एवढी जागा द्यायची गरज नाही. कोडेक पॅक टाकल्याने प्रीमिअर किंवा रिझॉल्व्ह सुधारत नाही. ती बहुतांशी आपलेच डीकोडर वापरतात, आणि पॅकमुळे नवे घोळ होतात ते वेगळेच. विंडोजवर क्विकटाइम टाकण्याचा सल्ला २०१६ साली कालबाह्य झाला: ट्रेंड मायक्रोने त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी जाहीर केल्या, ॲपलने त्याची देखभाल सोडली आणि अमेरिकी सरकारच्या यूएस-सर्टने तो काढून टाकायला सांगितले. महाग ग्राफिक्स कार्ड घेतल्याने प्रत्येक क्लिप हलकी चालेलच असे नाही. १०-बिट ४:२:२ फुटेज हार्डवेअरवर उलगडण्याची सोय एनव्हिडियाच्या सर्वसामान्य कार्डांत २०२५च्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप मूळ क्लिप नसते, ती पुन्हा दाबलेली असते. मूळ हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवावी. मीडिया कॅशे पुसल्याने आधी नीट आलेली आणि आता बिघडलेली क्लिप सुधारू शकते, पण जी फाइल मुळातच ओळखली गेली नाही तिच्यावर त्याचा परिणाम होत नाही. रूपांतर केले की दर्जा हमखास ढासळतो हेही अर्धसत्य आहे. ॲपलच्या प्रोरेस ४२२ या कोडेकमध्ये केलेल्या रूपांतरातली घट डोळ्यांना जाणवत नाही; खरी किंमत जागेची असते, कारण ॲपलच्याच आकड्यांनुसार २५ फ्रेमच्या फुल एचडीला त्यात तासाला सुमारे ५५ जीबी लागतात.

आणि इम्पोर्ट केल्याने व्हिडिओ प्रोजेक्टच्या आत जात नाही. प्रीमिअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये फक्त पत्ता लिहिलेला असतो. ती एकटीच पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर गेले की टाइमलाइनभर लाल ‘मीडिया ऑफलाइन’ दिसते. मूळ फुटेज वनड्राइव्हने क्लाउडवर हलवून संगणकावर नुसती खूण ठेवली असेल, तर स्वतःच्या संगणकावरही हेच होऊ शकते. प्रोजेक्ट मॅनेजरने सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये गोळा करून तो फोल्डर न्यावा, किंवा फुटेज पहिल्यापासून एकाच बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवून तोच ड्राइव्ह फिरवावा.