भाभांचा बंगला ३७२ कोटींना गेला आणि दोन वर्षांत पाडला. मग पैसे नेमके कशाचे मोजले?

तारीख १८ जून २०१४. मुंबईतल्या मलबार हिलवर, लिटल गिब्ज रोडला असलेला 'मेहरांगीर' नावाचा तीन मजली बंगला लिलावात निघाला होता. राखीव किंमत होती २५७ कोटी. बोली चढत चढत गेली आणि थांबली थेट ३७२ कोटींवर. म्हणजे ठरवलेल्या किमतीपेक्षा तब्बल ११५ कोटी जास्त.

हा बंगला होता भारताच्या अणुकार्यक्रमाचे जनक डॉ. होमी भाभा यांचा. २४ जानेवारी १९६६ ला युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि त्यात भाभा गेले. त्यांच्यानंतर घर आलं धाकटे बंधू जमशेद भाभा यांच्याकडे. जमशेदजी हे नरिमन पॉइंटच्या एनसीपीएचे संस्थापक. २००७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि बंगला एनसीपीएकडे गेला. संस्थेने तो विकायला काढला.

अणुऊर्जा खात्यातल्या कर्मचाऱ्यांची मागणी होती, की इथं भाभांचं संग्रहालय व्हावं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, पण लिलाव थांबला नाही. बंगला गोदरेज कुटुंबाकडे गेला आणि २०१६ मध्ये पाडण्यात आला.

आता साधा प्रश्न पडतो. जी वास्तू पाडायचीच होती, तिचे ३७२ कोटी कोण कशाला देईल? याचं उत्तर समजलं, की शहरातल्या कुठल्याही जुन्या बंगल्याचा, वाड्याचा हिशोब समजतो.

घराला घसारा लागतो, जमिनीला नाही

मूल्यांकन करणारा माणूस, म्हणजे व्हॅल्युअर, आधी एक काम करतो. तो जमीन आणि तिच्यावरची इमारत असे दोन वेगळे आकडे मांडतो.

इमारतीचा आकडा काढणं त्यातल्या त्यात सोपं. आज तसंच घर बांधायला किती खर्च येईल ते काढायचं आणि वयाप्रमाणे त्यातून घसारा वजा करायचा. समजा बंगला १५,००० चौरस फुटांचा आहे आणि बांधकामाचा खर्च धरला चौरस फुटाला १०,००० रुपये. झाले १५ कोटी. घर ऐंशी वर्षांचं असेल तर घसारा जाऊन यातला थोडाच भाग उरतो. बर्मा सागवानाचे जिने, जुन्या फरश्या, रंगीत काचा यांची भर घातली तरी हा आकडा शेकड्यांत जात नाही.

मग बाकीचे कोट्यवधी कुठून येतात? ते जमिनीतून. मलबार हिल म्हणजे तिन्ही बाजूंनी समुद्र असलेली टेकडी. तिथं नवीन जमीन तयार होत नाही आणि मोकळा प्लॉट क्वचितच विक्रीला येतो.

शेजारचा भाव बघून चालत नाही का?

फ्लॅटच्या बाबतीत चालतं. त्याच सोसायटीत मागच्या वर्षी टू बीएचके कितीला गेला हे कळलं, की अंदाज येतो. बंगल्यांचं तसं नसतं, कारण असे व्यवहार वर्षानुवर्षांत एखाद-दुसरेच होतात.

२०१५ मधली दोन उदाहरणं बघा. लिटल गिब्ज रोडवरचंच 'जातिया हाउस' उद्योगपती कुमार मंगलम बिर्ला यांनी ४२५ कोटींना घेतलं. त्याच वर्षी ब्रीच कँडीच्या 'लिंकन हाउस'चा सौदा सायरस पूनावाला यांनी ७५० कोटींना केला. लिंकन हाउसचा आवार सुमारे दोन एकरांचा. दोन्ही जुने बंगले, दोन्ही दक्षिण मुंबईतले, पण प्लॉट वेगळा, कागदपत्रं वेगळी, नियम वेगळे. एकाचा दर उचलून दुसऱ्याला लावला तर हिशोब साफ चुकतो.

रेडी रेकनरचाही फारसा उपयोग होत नाही. हा सरकारी दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. व्यवहाराची रक्कम आणि रेडी रेकनरनुसार येणारी रक्कम यातली जी जास्त, तिच्यावर शुल्क भरावं लागतं. बाजारात बोली कुठवर जाईल हे तो दर सांगत नाही.

म्हणून करतात उलटा हिशोब

इथं व्हॅल्युअर असं विचारतो : हे घर पाडून नियमात बसणारी इमारत बांधली, तर हातात किती येतील? तिथून मागे यायचं. आकडे काल्पनिक घेऊ, पद्धत खरी आहे.

समजा प्लॉट २,००० चौरस मीटरचा आहे. मुंबई शहर भागात रहिवासी बांधकामाला मूळ एफएसआय १.३३ आहे. म्हणजे २,६६० चौरस मीटर, साधारण २८,६०० चौरस फूट बांधकाम. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे प्रीमियम भरून आणि टीडीआर विकत घेऊन आणखी मिळतं, पण ते तूर्त बाजूला ठेवू. नवे फ्लॅट चौरस फुटाला १ लाख रुपयांनी गेले असं धरलं, तर विक्री होते २८६ कोटींची.

आता वजाबाकी. बांधकाम ५७ कोटी. परवानग्या, आर्किटेक्ट आणि बँकेचं व्याज ४० कोटी. बिल्डरचा नफा विक्रीच्या २० टक्के, म्हणजे आणखी ५७ कोटी. एकूण १५४ कोटी गेले. उरले १३२ कोटी. जमिनीला यापेक्षा जास्त मोजले तर बिल्डरला परवडत नाही.

या सगळ्या हिशोबात जुनं घर कुठे आलं? कुठेच नाही. उलट ते पाडण्याचा खर्च धरावा लागतो.

अर्थात खरेदीदार बिल्डरच असेल असं नाही. स्वतः राहायला घेणारा उद्योगपती यापेक्षा जास्त देऊ शकतो. समुद्र दिसतो, आवार आहे, वर-खाली शेजारी नाहीत. त्यासाठी किती मोजायचे हे त्याचं तो ठरवतो. लिलावात असे दोघं समोरासमोर आले, की बोली हिशोबाच्या पुढे जाते.

हेरिटेजचा शिक्का बसला तर?

मग वरचं सगळं गणित बदलतं. वारसा वास्तूंसाठी १९९५ मध्ये नियम करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. या नियमांत वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू येतात, त्यांना जवळपास हातच लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीचे 'अ' आणि 'ब' असे भाग आहेत. 'अ' मध्ये आतले बदल छाननीनंतर करता येतात. 'ब' मध्ये मूळ वास्तूला साजेसं वाढीव बांधकामही होऊ शकतं. तिसऱ्या श्रेणीत स्थानिक महत्त्वाच्या वास्तू असतात आणि तिथं मोकळीक जास्त मिळते. वारसा संवर्धन समिती यावर महापालिकेला सल्ला देते.

श्रेणी जितकी वरची, तितकं नवीन बांधकाम कमी, आणि उलट्या हिशोबातला आकडा तितकाच खाली. म्हणून अनेक मालकांना हेरिटेजचा दर्जा म्हणजे शिक्षा वाटते.

यावर उपाय म्हणून नियमांत हेरिटेज टीडीआरची सोय आहे. आपल्याच उदाहरणात प्लॉटवर २८,६०० चौरस फूट बांधता येतं, पण जुना बंगला १५,००० चौरस फुटांचाच आहे. हेरिटेजमुळे उरलेले १३,६०० चौरस फूट बांधता आले नाहीत, तर अटी पाळून तो हक्क टीडीआर म्हणून दुसऱ्या ठिकाणच्या बिल्डरला विकता येतो. घर राहतं, मालकालाही काहीतरी मिळतं. मात्र टीडीआरचा भाव बाजाराप्रमाणे खाली-वर होतो आणि मंजुरीला वेळ लागतो. त्यामुळे व्हॅल्युअर हा आकडा हात राखूनच धरतो.

कागद साफ नसेल तर सगळं शून्य

जुन्या बंगल्यांत सगळ्यात मोठा घोळ इथेच असतो. जमीन मालकीची आहे की लीजवर? लीज कुणाचं आणि किती वर्षं उरलं? वारसांमध्ये दावा आहे का? आउटहाउसमध्ये किंवा गॅरेजच्या वरच्या खोलीत एखादं कुटुंब भाडेकरू म्हणून राहतंय का? भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेला एक भाडेकरूही किंमत बरीच खाली आणू शकतो, कारण रिकामा ताबा मिळाल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. म्हणूनच वकील किमान तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागतात.

लिंकन हाउस हे याचं ठळक उदाहरण. वांकानेरच्या महाराणांनी बांधलेला हा महाल. आर्किटेक्ट क्लॉड बॅटली. १९५७ मध्ये अमेरिकन सरकारने तो ९९९ वर्षांच्या लीजवर घेतला आणि तिथं वकिलात थाटली. वकिलात २०११ मध्ये बीकेसीत गेली. २०१५ मध्ये ७५० कोटींना सौदा ठरला, गाजावाजा झाला, पण जमिनीवरच्या सरकारी आक्षेपांमुळे तो वर्षानुवर्षं अडकून राहिला.

याच बॅटलींनी मलबार हिलवर आणखी एक घर बांधलं होतं. माउंट प्लेझंट रोडवरचं 'साउथ कोर्ट', म्हणजेच जिना हाउस. १९३६ चं. सप्टेंबर १९४४ मधली गांधी-जिना बोलणी इथेच झाली. फाळणीनंतर ते निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारकडे आलं. जिनांची मुलगी दिना वाडिया यांनी २००७ मध्ये त्यावर हक्क सांगत न्यायालयात धाव घेतली. अडीच एकरांच्या या प्लॉटचे आकडे अधूनमधून बातम्यांत झळकतात. पण जी गोष्ट विक्रीला येऊच शकत नाही, तिचा बाजारभाव हा फक्त कागदावरचा अंदाज असतो.

मग इतिहासाची किंमत किती?

व्हॅल्युअरच्या तक्त्यात 'इथं होमी भाभा राहायचे' असा रकाना नसतो. ही त्याची चूक नाही. बाजारात भाव त्या गोष्टीला मिळतो, जी विकत घेणाऱ्याला वापरता येते. भाभांची आठवण सगळ्या देशाची, पण बोली लावणारा एकटा. त्याला त्या आठवणीचं भाडं मिळत नाही.

एनसीपीएची बाजूही समजून घ्यायला हवी. नाटक, संगीत, नृत्य यांवर चालणाऱ्या संस्थेसाठी ३७२ कोटी ही लहान रक्कम नाही. ती नाकारून बंगला सांभाळत बसा, असं सांगणं सोपं आहे. पण सांभाळायचे पैसे कोण देणार, याचं उत्तर त्या वेळी कुणाकडून आलं नाही.

म्हणजे अशी वास्तू वाचवायची तर दोनच रस्ते उरतात. विक्री जाहीर होण्याआधी तिला वारसा यादीत नेमकी श्रेणी द्यायची, नाहीतर सरकारने किंवा एखाद्या ट्रस्टने बाजारभाव मोजून ती घ्यायची. बोली सुरू झाल्यावर काढलेल्या मोर्चाचा आणि केलेल्या याचिकेचा फारसा उपयोग होत नाही, हे मेहरांगीरने दाखवून दिलं.

याचा तुमच्याशी काय संबंध?

तुमचा पुण्यात वाडा असेल, नाशकात जुनं घर असेल किंवा गिरगावात वडिलोपार्जित इमारतीत हिस्सा असेल, तर कोट्यवधींचे आकडे सोडा, प्रश्न मात्र हेच आहेत. प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं? आत राहतंय कोण? नियमाने किती बांधता येतं? वास्तू वारसा यादीत आहे का, आणि असेल तर कुठल्या श्रेणीत?

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. घर १ एप्रिल २००१ च्या आधीपासून कुटुंबाकडे असेल, तर विक्रीवरचा कर काढताना त्या तारखेचं बाजारमूल्य धरता येतं. त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल हाताशी असलेला बरा. बिल्डर दारात येऊन आकडा सांगेल, त्याच्या आधी हा अहवाल आणि सर्च रिपोर्ट दोन्ही घरात असले, तर निदान आपण घर विकतोय की जमीन, एवढं तरी विकणाऱ्याला ठाऊक असतं.