फलकावरची पत्रे बाहेर का जात नाहीत?

बुलेटिन बोर्ड म्हटले की कॉलेजच्या जिन्याजवळचा काचेचा फलक आठवतो. संगणकावरचा बुलेटिन बोर्ड हा त्याचाच धाकटा भाऊ. १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागो येथे वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी सूस या दोघा हौशी गृहस्थांनी असा पहिला फलक सुरू केला. टेलिफोनच्या तारेवरून एका वेळी एकाने यायचे, निरोप वाचायचे, आपला ठेवायचा व निघायचे. पुढे १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांच्या फिडोनेटने असे फलक एकमेकांना जोडले. दिवसभराची पत्रे गठ्ठा बांधून रात्री, ट्रंककॉलचे दर उतरले की, रवाना होत. इंटरनेट आल्यावर ही हौस मागे पडली, पण संपली नाही.

भोसरीत आमच्या शेजारचे एक दादा लेथवर काम करतात व घरी जुन्या संगणकावर असा फलक चालवतात. त्यातले टपालखाते वर्षभर माझ्याकडे आहे. (बी. ए. ला मराठी घेतलेल्या मुलीकडे हे काम कसे, असे कोणी विचारू नये. कंटाळवाण्या नोंदी शेवटपर्यंत वाचण्याची सवय मराठीच्याच तासाला लागते.) आमचे सभासद पंचवीस-तीस, बहुतेक चाकण-तळवड्याच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार. फलकावरून बाहेर ई-मेलही पाठवता येते. गेल्या जूनमध्ये ते बंद पडले. आयटीआय झालेल्या एका मुलाला शिकाऊ जागेसाठी चाकणला शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. ‘पत्र स्वीकारले’ असे फलकाने बुधवारीच सांगितले. शुक्रवारी सकाळी पाहते तो पत्र रांगेतच.

‘स्वीकारले’ याचा अर्थ पत्र लाल पेटीत पडले, एवढाच. तिथून पुढे ते कोठे अडले हे शोधायचे असते. प्रथम मी स्वतःलाच पत्र टाकले. ते आले, म्हणजे घरातले ठीक होते. मग पत्ता. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच संस्कृत पंडिताची कल्पना. भोसरी ४११०३९, चाकण ४१०५०१. नाशिक रस्त्यावरची ही दोन शेजारी गावे, पण पहिल्या तीन आकड्यांमुळे टपालाचे वर्गीकरण वेगळे. ई-मेलचेही तसेच. पत्त्यातील नावावरून ‘या नावाचे टपाल कोणते यंत्र घेते’ हे आधी विचारावे लागते. ते यंत्र सातासमुद्रापलीकडेही असू शकते. आमच्या फलकाला ते बरोबर सापडत होते.

राहिले दार. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये ई-मेलच्या देवघेवीचे नियम लिहिले, तेव्हापासून टपालयंत्रे एकमेकांना २५ क्रमांकाच्या दारावर भेटतात. समोरून ४ ने सुरू होणारा आकडा आला तर ‘नंतर या’, ५ ने सुरू होणारा आला तर ‘घेत नाही’. आम्हाला यांपैकी काहीच येत नव्हते, नुसती शांतता. तीन वेगवेगळ्या टपालयंत्रांकडे हीच गत, आणि इतर दारे मात्र उघडी. तिघे एकदम मुके होत नाहीत. अडथळा आमच्याच गल्लीत होता. इंटरनेट पुरवणाऱ्या पुष्कळ कंपन्या घरगुती ग्राहकांचे हे दार बंद ठेवतात, कारण विषाणू शिरलेले संगणक त्यातूनच कचरा-पत्रे सोडतात. कारण पटण्यासारखे आहे, पण ग्राहकाला ते कोणी सांगत नाही याचा मला राग आहे.

उपाय असा, की आपले पत्र ५८७ क्रमांकाच्या दाराने, नाव व परवलीचा शब्द देऊन, एखाद्या मोठ्या टपालयंत्राच्या हवाली करायचे. तसे केल्यावर पत्र हलले, पण लगेच ५५० हा आकडा घेऊन परतले. मला आनंदच झाला, कारण नकारासोबत कारण लिहिलेले असते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलसारखी मोठी टपालघरे पाठवणाऱ्याची ओळख मागतात. ‘आमच्या नावाने अमुक यंत्र पत्रे पाठवील’ अशी जाहीर नोंद आपल्या नावापुढे असावी लागते. नव्या यंत्राचे नाव तिथे घातले व रात्री पत्र गेले.

तोवर दादांनी त्या मुलाला दुपारीच बसने चाकणला पिटाळले होते. त्याने फाटकावर हाताने लिहिलेले पत्र दिले, पोच घेतली, आणि आता तो तिथेच शिकतो आहे.

नियमाप्रमाणे अडलेले पत्र चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवून पाहायचे असते, व तोवर लिहिणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून आम्ही फलकावरचे वाक्य बदलले. आता तिथे ‘पत्र रांगेत ठेवले आहे’ असे येते, आणि चार तासांत ते गेले नाही तर तसा निरोप, मराठीत.