पश्चिमेचं पाखं

पहाटे ५.१५
काकू आधी विहिरीत बॅटरी मारून पाणी बघतात, मग मोटर लावतात. श्रीवर्धन तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव, मे महिन्याचा तिसरा आठवडा. आगराच्या पलीकडे सुरूचं बन, त्याच्या पलीकडे वाळू. इथे विहीर फार उपसली की खारं पाणी आत येतं. पाइपातून पडणारं पाणी काकू ओंजळीत घेतात, चाखतात, थुंकतात. मचूळ लागलं की मोटर बंद, मग आगराचं काही होवो.

"गोडं आहे. पाऊण तास चालव."

संध्याकाळी पाणी लावणं त्यांनी सोडून दिलंय. शेजारी दोन होमस्टे झालेत. रात्रीचे एसी सुरू झाले की मोटर नुसती घुरघुरते.

५.४०
पाटाच्या कडेला खोरं घेऊन कामाची बाई उभी आहे. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात काही नाही. एका पोफळीचं आळं भरलं की खोऱ्याने मातीचा बांध घालायचा, पुढचा फोडायचा. पाणी तिच्या आधी पोचता कामा नये आणि तिला पाण्यासाठी थांबायलाही लागू नये. मधून वाळलेली झावळी पाटात आडवी पडते, ती पायानेच बाजूला होते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा इथल्या पोफळी मधोमध मोडल्या. जुनी झाडं आता मोजकी, बाकी सगळी नंतर लावलेली रोपं. त्यांतल्या काहींना यंदा पहिल्यांदा फळ धरलंय. बाई त्या झाडांना जरा जास्त पाणी सोडते. काकू बघतात, बोलत नाहीत.

पाण्याचे शंभर रुपये वेगळे. घरकामाची मजुरी आठनंतर सुरू होते.

६.४५
भाजीचे वाफे न्हाणीघराच्या मागे. लाल माठ, भेंडी, मिरची, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू. याला मोटरचं पाणी मिळत नाही. कापलेल्या तेलाच्या डब्याने घालायचं, तेही मुळाशी. काकू माठाच्या जुड्या बांधतात. शेजारचा होमस्टेवाला जुडीला पंधरा रुपये देतो. त्याच्या पाहुण्यांना गावठी भाजी लागते.

८.१०
मेस्त्री आला. स्कूटरच्या पायाशी हत्यारांची पिशवी. करवत, पटाशी, वाकस, रंधा, आणि लोखंड कापायची बारीक पात्याची करवत. त्याच्याबरोबर एकच गडी. दुसरा होमस्टेच्या बाथरूमच्या कामावर गेलाय, तिथे शंभर जास्त मिळतात. बाया दोन.

वादळात पश्चिमेच्या पडवीचं सगळं पाखं उडालं. मागच्या माजघरावरची कौलं राहिली. तेव्हा कौलं मिळत नव्हती, मिळाली तरी बसवणारा मिळत नव्हता. काकूंनी आधी ताडपत्री टाकली, मग पत्रे. पत्रे राहिले ते राहिलेच. मुलगा डोंबिवलीहून म्हणत होता, पत्रेच असू दे, पुढे स्लॅब टाकू, वर दोन खोल्या काढू. काकूंनी यंदा कौलं आणून टाकली आणि मग त्याला फोन केला.

कौलं शेजारच्या गावची. तिथे जुनं घर पाडून बंगला बांधतायत. चारशे कौलं, नगाला चौदा रुपये, टेम्पोचे दीड हजार वेगळे. येताना तीसेक फुटली.

८.३०
पत्रे काढायचे. हूक गंजलेत, पाना बसत नाही. मेस्त्री एकेक हूक कापतो. करवतीचा तो आवाज दातांत जातो. गडी पत्रा सैल करून खाली सोडतो, दोघी बाया दोन टोकांना धरून खळ्यात नेऊन ठेवतात. साडेनऊनंतर पत्र्याला हात लावता येणार नाही, म्हणून चहा त्यानंतरच, असं काकूंनी आल्या आल्या सांगून ठेवलंय. नऊ पत्रे, पैकी सहा बरे. लाकडांच्या खोपीवर जातील.

पत्रे गेले आणि आत कधी नव्हे तो उजेड पडला. वाशांवर कोळ्यांची जाळी, एका कोपऱ्यात गांधीलमाशीचं रिकामं घर.

९.४०
चहा आणि कांदेपोहे. बशा रिकाम्या होतात तशी मेस्त्रीची नजर वर जाते. उठून तो वाकसाच्या मागच्या बाजूने एकेका वाशावर ठोकत जातो. टण, टण, टण, मग भद्द.

"काकू, हा पोखरलाय. आणि तो कोपऱ्यातला पण."

"किती लागतील?"

"दोन. किंजळीचे घेऊ. वखारीत चौदाशेला दोन देईल."

काकू फणसाचं लाकूड पडलंय का विचारतात. आहे, पण ओलं आहे. ओलं लाकूड चार महिन्यांत पीळ खातं आणि वरची कौलं उचलली जातात, हे मेस्त्रीला सांगावं लागत नाही. काकूंनाच ते आठवतं. पैसे आतून येतात. गडी स्कूटर घेऊन जातो.

१०.१५
तोवर बाया कौलं धुतात. मला दिवसभरातलं हेच काम सगळ्यात बघण्यासारखं वाटलं. टबात कौल बुडवायचं, नारळाच्या सोडणाने शेवाळ घासायचं, खाचांतली माती खिळ्याने काढायची, मग कौल उभं धरून बोटाच्या हाडाने वाजवायचं. खणखणलं तर उजवीकडे. बद्द वाजलं तर त्यात केसाएवढी चीर आहे, डावीकडे. डावीकडची न्हाणीच्या वाटेत उलटी घालायची, पाय घसरत नाहीत.

कौलांच्या पाठीवर इंग्रजी ठसे आहेत. मेस्त्रीला इंग्रजी येत नाही, तो ठशाच्या आकारावरून ढीग लावतो. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. दोन-चार सुताचा फरक असतो, पण पावसाला तेवढी फट पुरते. काही कौलांवर बासेल मिशनचा ठसा आणि १८६५ साल आहे. त्या साली मंगळूरला जर्मन मिशनऱ्यांनी पहिला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्यांची कौलं समुद्रमार्गे पार मुंबईपर्यंत आली. साल कारखान्याचं, कौलाचं नव्हे. पण गावात सगळे ते कौलाचंच वय म्हणून सांगतात, आणि विकणाऱ्याने त्याचे दोन रुपये जास्त लावले होते. काकूंनी दिले नाहीत.

११.३०
वासे आले. जुना काढून नवा सरकवायचा, तोही शेजारच्यांना धक्का न लावता. गडी खालून खांदा देतो, मेस्त्री आढ्याशी बसून पटाशीने खाच मोठी करतो. अर्धा तास याच्यात जातो. नव्या वाशाच्या टोकांना आणि भिंतीत जाणाऱ्या भागाला काजूच्या टरफलांचं तेल लावायचं. काळं, दाट, कातडीला लागलं तर भाजतं. गडी हातावर प्लास्टिकची पिशवी बांधून लावतो. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही.

१२.४५
जेवण. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी, कांदा. डबे आपापले, काकूंकडून कोकमाचं सरबत आणि प्रत्येकी दोन रायवळ आंबे. मेस्त्री सावलीत तोंडावर टॉवेल टाकून वीस मिनिटं झोपतो. बाया झोपत नाहीत. त्या बसल्या जागी कोकमं फोडायला घेतात, बिया एका पातेल्यात, सालं दुसऱ्यात. एकीने सालं रिकाम्या पत्र्यावर पसरायला घेतली.

"पत्र्यावर नको गो, आंबटाने पत्रा खातो," काकू आतून म्हणाल्या. त्यांना दिसलं कसं, कळलं नाही. चटई आली.

१.४५
रीपा. मेस्त्री टेप काढत नाही. त्याच ढिगातली दोन कौलं एकमेकांत बसवतो, खाचेपासून खाचेपर्यंतच्या अंतराएवढी काठी कापतो आणि ती काठीच माप. वळचणीची पहिली रीप दोरी ताणून मारली, पुढच्या सगळ्या काठी ठेवून. खिळे तोंडात, त्यामुळे अर्धा तास तो कोणाशी बोलत नाही. घाम कोपरावरून थेंबाथेंबाने खाली टपकतो.

३.१०
कौलं चढतात. वळचणीकडून आढ्याकडे. बाई डोक्यावर चुंबळ ठेवून सहा कौलं घेते. कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे पंधरा किलो. शिडीच्या चौथ्या पायरीवर जाऊन ती एकेक वर देते. गडी झेलतो, मेस्त्रीला सरकवतो. दोघी आळीपाळीने. उतरणारीने चढणारीला शिडी धरायची. मेस्त्री फक्त रीपेवर पाय ठेवतो, मध्ये कधीच नाही. कौल खाचेत गेलं की एक छोटा 'टक' येतो. आला नाही तर काढून फिरवायचं, तरी नाही तर दुसरं.

स्वयंपाकघराच्या दारासमोर काचेचं एक कौल बसवलं. नवं, तालुक्यातून आणलेलं.

४.३०
चहा. वर फक्त आढ्याच्या दोन ओळी उरल्या आणि खाली कौलं सरली. डाव्या ढिगातून तीन-चार घेऊ का, मेस्त्री विचारतो, आढ्याजवळ कोन्याखाली जातील, दिसणार नाहीत.

"दिसायचं नाही, गळेल," काकू म्हणाल्या.

माजघरावर जास्तीची म्हणून रचलेली काही कौलं होती. बाई माळ्यावर चढली, जळमटांसकट खाली आली. बरीचशी दुसऱ्याच कारखान्याची निघाली. मेस्त्रीने सगळी ताडून पाहिली, एक ओळ झाली. दुसरी राहिली. त्यावर आज ताडपत्री, चार दगड.

५.५०
हत्यारं पुसून पिशवीत. काकू वही घेऊन खळ्यात बसतात. मेस्त्री नऊशे, गडी सहाशे, बायांना साडेतीनशे-साडेतीनशे, पहाटेच्या पाण्याचे शंभर. वासे चौदाशे. बेरीज तीन हजार सातशे. खिळे मेस्त्रीने आणले होते, ते उद्याच्या हिशोबात.

बाईने नोटा मोजल्या, कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि वाफ्यातल्या भेंड्या तोडायला गेली. उद्यापर्यंत त्या जून होतील.

६.३०
मृगाला दोन-अडीच आठवडे आहेत. कोने बसवायचे राहिलेत, त्याला अर्धी गोणी सिमेंट आणि वाळू. पडवीच्या उघड्या बाजूला झावळ्यांची झड बांधायची आहे. मेस्त्री म्हणतो, परवा मी नाही, होमस्टेला गेट बसवायचंय.

"परवा नाही, तर उद्याच कोने," काकू म्हणतात. "कौलं बारा-पंधरा कुठून तरी बघ. आणि सातला ये. आठला नको."

"सातला सिमेंटचं दुकान उघडत नाही, काकू."

"मग आत्ता जाताना घेऊन ठेव. पैसे देते."

त्या पुन्हा आत जातात. बाई भेंड्या ओट्यावर ठेवून विचारते, उद्या पाणी कोणत्या बाजूचं लावायचं. विहिरीकडच्या रोपांचं, काकू आतूनच सांगतात, पण आधी चाखून बघायचं.