कवळी टिकते, जोडणी झिजते

गावातील हातपंप पाणी देईनासा झाला, म्हणजे ग्रामपंचायत लगेच नवी विंधन विहीर खोदण्याचा ठराव करीत नाही. पंप उघडला जातो, झिजलेला वॉशर काढून नवा बसविला जातो आणि पाणी पुन्हा सुरू होते. सेवाग्रामच्या परिसरात ज्यांनी चरखा चालविला आहे, त्यांनाही हे ठाऊक आहे. चरख्याची माळ सैल झाली म्हणून कोणी चरखा टाकून देत नाही. माळ बदलली जाते. जबड्यातील खुंटांच्या आधाराने बसणाऱ्या कवळीची गोष्टही अशीच आहे. तिच्यातील एक लहानसा भाग झिजावयाचाच असतो व तो बदलता येतो. ही साधी माहिती नसल्यामुळे मोठ्या खर्चाने बसविलेली कवळी डबीत पडून राहण्याचा धोका असतो.

खुंटाच्या आधाराची कवळी

सर्व दात पडल्यानंतर जबड्याचे हाड हळूहळू झिजत जाते. खालच्या जबड्यात ही झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट होते. त्यामुळे खालची साधी कवळी बोलताना उचलली जाते व चावताना सरकते. नैसर्गिक दातांच्या तुलनेत साध्या कवळीची चावण्याची शक्ती जेमतेम एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी असते. ज्वारीची भाकरी आणि फुटाणे खाणाऱ्या माणसाला हा फरक पहिल्याच घासाला कळतो.

टिटॅनियम हा धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनमधील संशोधक ब्रॉनेमार्क यांनी दाखवून दिले व १९६५ साली पहिल्या रुग्णावर या पद्धतीने उपचार केले. पुढे २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असा अभिप्राय दिला की, खालच्या जबड्यात एकही दात नसल्यास दोन खुंटांच्या आधाराची कवळी हाच पहिला पर्याय मानावा.

या व्यवस्थेचे तीन भाग असतात. हाडात बसविलेला टिटॅनियमचा खुंट अर्थात इम्प्लांट, त्यावर हिरडीबाहेर दिसणारे धातूचे डोके, आणि कवळीच्या आतील बाजूस धातूच्या टोपीत बसविलेली नायलॉनची किंवा रबराची चकती. डोके चकतीत बसले की बटण लागल्यासारखा आवाज होऊन कवळी पकड घेते. काही कवळ्यांत चकतीऐवजी दांडी व चाप, तर काहींत लोहचुंबक वापरलेला असतो.

झीज का होते

जेवणानंतर धुण्यासाठी कवळी दिवसातून तीन वेळा काढली, तर वर्षात सुमारे अकराशे वेळा ती चकती डोक्यावरून निघते व पुन्हा बसते. धातू टिकावा म्हणून झीज चकतीने सोसावी, अशीच तिची रचना आहे. अन्नाचे कण अडकणे, खुंट एकमेकांशी समांतर नसणे आणि कवळी दातांनी चावून जागेवर बसविणे यांमुळे झीज वाढते. कोणाची चकती काही महिन्यांत सैल होते, तर कोणाची वर्षाहून अधिक काळ टिकते. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी करून घेणे हितावह होय.

बटणाचा आवाज न येणे, कवळी एका बाजूने उचलली जाणे, खाताना तिच्याखाली कण शिरणे आणि हिरडीला घासून व्रण पडणे ही झिजेची लक्षणे होत.

केवळ चकती बदलून भागते काय

जुनी चकती विशिष्ट साधनाने काढून नवी दाबून बसविणे हे काही मिनिटांचे काम आहे. मात्र ती का झिजली, हे आधी पाहावे लागते. दंतवैद्य प्रथम खुंटाभोवतीच्या हिरडीला सूज आहे काय, रक्त येते काय, खुंट किंवा त्याचा स्क्रू हलतो काय, हे तपासतात. हाड झिजल्यामुळे कवळीच झुलत असेल, तर तिला आतून नवे अस्तर द्यावे लागते. अन्यथा नवी चकतीही थोड्याच दिवसांत फाटते. धातूची टोपी कवळीतून सुटली असल्यास ती ॲक्रिलिकने पुन्हा बसविता येते. खुंटावरील डोकेच झिजले असल्यास तेही बदलता येते. त्यासाठी हाडातील खुंट काढावा लागत नाही.

चकत्या निरनिराळ्या पकडीच्या मिळतात. लोकेटर या प्रचलित प्रकारात निळी चकती सौम्य, गुलाबी मध्यम व पारदर्शक अधिक घट्ट असते. निळीची पकड सुमारे ०.७ किलो, तर पारदर्शकची सुमारे २.३ किलो वजनाइतकी असते. परंतु अधिक घट्ट चकती म्हणजे अधिक चांगली, असे नव्हे. बोटांत जोर नसलेल्या किंवा संधिवात असलेल्या वृद्धेला ती कवळी काढताच आली नाही, तर स्वच्छता राहात नाही व हिरडी सुजते.

घरी घ्यावयाची काळजी

कवळी दोन्ही बाजूंना बोटांनी सारखी दाबून बसवावी व काढतानाही दोन्ही बाजूंनी उचलावी. मऊ ब्रश व साध्या साबणाने ती धुवावी. दात घासण्याची खरखरीत भुकटी, उकळते पाणी व कपड्यांचे ब्लीच वापरू नये. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी. तोंडातील धातूची डोकी व त्यांभोवतीची हिरडी दररोज मऊ ब्रशने स्वच्छ करावी. कवळी वापरात नसली तरी ही स्वच्छता सोडू नये. सैल झालेली कवळी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने, दोऱ्याने किंवा कापसाने घट्ट करण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

नोंदीचे कार्ड

प्रत्येक कंपनीचे खुंट, डोकी व चकत्या सारख्या नसतात. एकीचा भाग दुसरीला बसेलच असे नाही. म्हणून उपचाराच्या वेळीच खुंटाची कंपनी, प्रकार, माप, चकतीचा रंग व बसविल्याची तारीख यांचे कार्ड दंतवैद्यांकडून मागून घ्यावे व ते शिधापत्रिकेइतकेच जपून ठेवावे. ज्यांनी उपचार केले ते दंतवैद्य अन्यत्र गेले, तरी या कार्डावरून दुसरे दंतवैद्य योग्य भाग मागवू शकतात.

वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे १९९१ पासून शरद पवार दंत महाविद्यालय आहे. नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासूनचे आहे. अशा महाविद्यालयांतील कृत्रिम दंतशास्त्र विभागात या कामाचा सल्ला घेता येतो. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील वृद्धाला तेथे जाण्यासाठी एक दिवस आणि सोबतीला एक माणूस लागतो. तेव्हा कार्डावरील तपशील आधी दूरध्वनीने कळवून भाग उपलब्ध असल्याची खात्री केल्यास व्यर्थ फेरी वाचेल.

गावाचा वाटा

कवळी सैल झाली की वृद्ध माणूस सहसा तक्रार करीत नाही. तो भाकरी सोडतो, भात व पातळ वरणावर भागवितो आणि चारचौघांत बोलणे कमी करतो. घरच्यांना ते वयाचे लक्षण वाटते. केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांच्या साधनांमध्ये चष्मा व श्रवणयंत्राबरोबर कृत्रिम दातांचाही समावेश करण्यात आला, तो याच जाणिवेने. साधन मिळाल्यावर त्याची निगा राखली जाणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

गावात आरोग्य शिबिर असेल, तेव्हा सरपंचांनी व शिक्षकांनी ज्येष्ठांना एवढेच विचारावे : "कवळी रोज घालता ना? आणि कार्ड कोठे आहे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर दोष बहुधा कवळीचा नसून बोटाच्या पेराहूनही लहान अशा एका चकतीचा असू शकेल. ती वेळीच बदलली गेली, तर त्या ज्येष्ठाच्या ताटात भाकरी परत येईल.